नाटकाच्या वर्गात सर्वांना प्रवेश

कॅलिफोर्नियातल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात अभिनयाच्या पहिल्या वर्गाची फी साधारण १३८ डॉलर पडते. राज्यातल्या रहिवाशांना दर युनिटला ४६ डॉलर भरावे लागतात, आणि हा वर्ग बहुतेक ठिकाणी तीन युनिटांचा असतो. हा दर २०१२ पासून तसाच आहे. घरचं उत्पन्न कमी असेल तर तेवढेही पैसे माफ होतात. न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्डसारख्या संस्थेत वर्षाची फी पन्नास हजार डॉलरच्या वर जाते, आणि पैशांची सोय झाली तरी ऑडिशनच्या चाळणीतून मोजकेच पार पडतात. कम्युनिटी कॉलेजाच्या दारात अशी चाळणी बहुधा नसते. नुकताच शाळेतून बाहेर पडलेला मुलगा, दिवसभर दुकानात काम करून संध्याकाळी येणारी बाई, सैन्यातून परतलेला जवान आणि निवृत्त झालेले आजोबा एकाच हजेरीपटावर असू शकतात.

ऑडिशन इथेही असते, पण ती नाटकातल्या भूमिकेसाठी. शिकायला येण्यासाठी आधी काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. हा फरक वरवर लहान वाटला तरी त्यातून नाट्यशिक्षणाची एक वेगळीच पद्धत उभी राहिली आहे. अभिनेता होण्याची स्वप्नं पाहणारे आणि ज्यांनी आयुष्यात एकही नाटक पाहिलेलं नाही असे, दोघेही तिच्यात सामावले जातात. नाटकाला रंगमंचावर जितकी माणसं लागतात त्याहून जास्त रंगमंचामागे आणि समोर लागतात, हे या पद्धतीने नीट ओळखलेलं आहे.

या कॉलेजांचा इतिहास सव्वाशे वर्षांचा. इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये जोलिएट ज्युनिअर कॉलेज सुरू झालं, तेव्हा तिथे सहा विद्यार्थी होते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ही कल्पना. पदवीची पहिली दोन वर्षं गावातच शिकता यावीत, एवढाच तिचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारने शिक्षणाचा खर्च दिला आणि कॉलेजं भरून गेली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये अशा स्थानिक, स्वस्त कॉलेजांचं जाळं देशभर विणण्याची शिफारस केली. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव तेव्हापासून रुळलं. आज देशात अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत, त्यांतली ११६ एकट्या कॅलिफोर्नियात. तिथे नर्सिंग, मोटार दुरुस्ती, वेल्डिंग आणि हिशेब लेखनाच्या शेजारच्याच इमारतीत नाटक शिकवलं जातं.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि शेवटी ‘असोसिएट’ पदवी मिळते. कॅलिफोर्नियात २०१० साली झालेल्या कायद्याने या पदवीला मोठं बळ दिलं. ठरवून दिलेले ६० युनिट पूर्ण करणाऱ्या आणि किमान गुण राखणाऱ्या विद्यार्थ्याला कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या कुठल्या तरी शाखेत थेट तिसऱ्या वर्षाला जागा मिळण्याची हमी आहे. नाटक या विषयासाठीही अशी पदवी आहे. तिच्या गाभ्यात तीन गोष्टी येतात: रंगभूमीची ओळख किंवा तिचा इतिहास, अभिनय, आणि प्रत्यक्ष नाटक उभं करण्याचं काम. त्याला जोडून संहितेचं विश्लेषण, नेपथ्य उभारणी, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा यांतले विषय निवडायचे.

यातली तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. कॉलेज दर सत्रात जे नाटक बसवतं, त्यातलं कामही अभ्यासच मानलं जातं. भूमिका करणाऱ्याला युनिट मिळतात, तसेच दिवे टांगणाऱ्याला, कपडेपट सांभाळणाऱ्याला आणि तिकीटखिडकीवर बसणाऱ्यालाही मिळतात. अनेक ठिकाणी अभिनयाच्या विद्यार्थ्यालाही काही तास पडद्यामागे घालवावेच लागतात. ज्याने एकदा दुसऱ्याच्या प्रवेशासाठी अंधारात टेबल हलवलेलं आहे, तो पुढे स्वतः रंगमंचावर असताना ते टेबल वेळेवर जागेवर का लागतं हे कधी विसरत नाही.

नेपथ्याची कार्यशाळा हा या विभागांचा खरा प्राण. नवख्याला इथे बहुधा पहिल्यांदा फ्लॅट बनवायला शिकवतात. फ्लॅट म्हणजे रंगमंचावरची खोटी भिंत. पाइनच्या पट्ट्यांची चार फूट रुंद आणि आठ किंवा अधिक फूट उंच चौकट करायची. पट्टी नावाला एक इंच जाडीची. रंधा मारून झाल्यावर प्रत्यक्षात पाऊण इंचच उरते. चौकटीच्या कोपऱ्यांवर मागच्या बाजूने पाव इंची प्लायचे त्रिकोण ठोकायचे, पण अगदी कडेला नाही, तर पाऊण इंच आत. नवा विद्यार्थी हमखास कडेला ठोकतो. मग शिक्षक दुसरा फ्लॅट आणून काटकोनात लावून दाखवतात. खोलीचा कोपरा करायचा झाला की दुसऱ्या फ्लॅटची कड नेमकी त्या पाऊण इंचात बसते. त्रिकोण कडेला असेल तर मध्ये फट राहते आणि मागच्या दिव्याचा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. चौकट तयार झाली की तिच्यावर मांजरपाट ताणून चिकटवायचं आणि सरसाच्या पाण्याचा किंवा पातळ रंगाचा हात द्यायचा. वाळताना कापड आक्रसतं आणि नगाऱ्यासारखं ताणून बसतं. त्यावर विटा रंगवल्या की भिंत, लाकडाच्या रेषा ओढल्या की दरवाजा.

याहून गंभीर पाठ असतो तो वर टांगलेल्या वजनांचा. मोठ्या रंगमंचावर पडदे, दिवे आणि नेपथ्याचे भाग लोखंडी पाइपांना लटकवलेले असतात. प्रत्येक पाइपच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला एक पाळणा असतो आणि त्यात तितक्याच भाराची लोखंडी वजनं ठेवून तोल साधलेला असतो. त्यामुळे शंभर किलोचा पडदा एक माणूस हाताने वर नेतो. पण वजनं चढवण्या-उतरवण्याचा क्रम ठरलेला आहे. सामान चढवताना आधी पाइप खाली आणून त्यावर सामान बांधायचं, मग वरच्या सज्जात पाळण्यात वजनं भरायची. उतरवताना आधी वजनं काढायची, मगच सामान सोडायचं. हा क्रम उलटा झाला तर जड बाजू सुसाट खाली येते आणि दोर धरणाऱ्याच्या हाताबाहेर जातो. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं हे काम एकमेकांना मोठ्याने सूचना देत, वर काम चालू असताना खाली कोणालाही उभं न राहू देता करायला शिकतात. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेणं हा कुठल्याही पुस्तकाबाहेरचा अभ्यास तिथे होतो.

प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात या सगळ्या सुट्या शिकवण्या एकत्र येतात. स्टेज मॅनेजर बहुतेकदा विद्यार्थिनी किंवा विद्यार्थीच असतो. त्याच्यापुढे संहितेची वही असते आणि तिच्यात प्रत्येक दिव्याचा, प्रत्येक आवाजाचा, प्रत्येक पडद्याचा क्षण पेन्सिलीने मांडलेला असतो. कानावरच्या हेडसेटवरून तो आधी ‘तयार राहा’ सांगतो, मग ‘गो’. त्याने ‘गो’ म्हटल्याशिवाय कोणी बटण दाबायचं नाही, मग नटाने वाक्य आधी म्हटलेलं असो की विसरलेलं असो. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलं या खुर्चीवर बसली की तीस जणांचं काम हाताळू लागतात, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

कम्युनिटी कॉलेजाच्या वर्गात कोण कोण असतं, याचं चांगलं वर्णन टॉम हँक्स यांनी केलेलं आहे. १९७४ ते १९७६ या काळात ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हेवर्ड गावातल्या शॅबो कॉलेजात शिकत होते. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी कम्युनिटी कॉलेजाची दोन वर्षं मोफत करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा हँक्स यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्याला पाठिंबा दिला. आपलं सगळं काही या कॉलेजाचं देणं आहे, असं त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितलं. त्यांच्या वर्गात व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते, संसार सांभाळत पुन्हा शिकायला आलेल्या बायका होत्या, बरी नोकरी मिळावी म्हणून धडपडणारे मध्यमवयीन पुरुष होते. त्या काळी फी जवळजवळ नव्हतीच. खर्च होता तो जुन्या पुस्तकांचा.

शॅबोहून हँक्स सॅक्रामेंटोच्या स्टेट विद्यापीठात गेले. त्या शहरातल्या चेखवच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’च्या प्रयोगाचे दिग्दर्शक होते व्हिन्सेंट डाउलिंग. त्यांनी हँक्सना क्लीव्हलँडच्या ग्रेट लेक्स नाट्यमहोत्सवात बोलावून घेतलं. तिथली त्यांची उमेदवारी तीन वर्षं चालली आणि त्यात अभिनयाबरोबर प्रकाशयोजना, नेपथ्य आणि स्टेज मॅनेजरचं कामही आलं. १९७८ मध्ये शेक्सपिअरच्या ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’तल्या भूमिकेसाठी त्यांना क्लीव्हलँडच्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पुढे २०११ मध्ये त्यांनी ‘लॅरी क्राउन’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, तो नोकरी गेल्यावर कम्युनिटी कॉलेजात नाव घालणाऱ्या मध्यमवयीन माणसाचा.

या मिश्र वयाचा नाटकाला थेट फायदा होतो. मराठी वाचकाला तो लगेच कळेल. आपल्याकडे महाविद्यालयीन रंगभूमीचं वैभव म्हणजे एकांकिका स्पर्धा. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि त्याने मराठी रंगभूमीला पिढ्यान् पिढ्या माणसं पुरवली. पण तिथे आजोबाही वीस वर्षांचाच असतो. केसांना पावडर लावून, पाठ वाकवून तो म्हातारपण उभं करतो. कम्युनिटी कॉलेजात आजोबांची भूमिका करायला खरोखर साठीतला विद्यार्थी मिळू शकतो. थॉर्नटन वाइल्डर यांचं १९३८ सालचं ‘अवर टाउन’ अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत सतत होतं, कारण त्याला नेपथ्य जवळजवळ लागतच नाही. टेबलं, खुर्च्या आणि दोन शिड्या पुरतात. मात्र त्याला सगळ्या वयांची माणसं लागतात: शाळकरी मुलं, त्यांचे आईबाप, गावचा डॉक्टर, वर्तमानपत्राचा संपादक. अशा नाटकात मुलीचं लग्न लावून देणारा बाप खरोखरच लेकीचा बाप असला, तर तालमीत विशीतली मुलं त्याच्याकडून जे शिकतात ते एरवी वर्गात शिकवणं अवघड असतं. आणखी एक फरक आहे. आपली एकांकिका अभ्यास सांभाळून, बऱ्याचदा अभ्यास बुडवून होते. तिथे तीच मेहनत गुणपत्रिकेत नोंदली जाते.

या कॉलेजांतून बाहेर पडलेली मोठी नावं पुष्कळ आहेत. लॉस एंजेलिस सिटी कॉलेज १९२९ मध्ये सुरू झालं. तिथल्या रंगमंचावर काम करतानाच अ‍ॅलेक्सिस स्मिथ वॉर्नर ब्रदर्सच्या नजरेत भरल्या. तीन दशकांनी ‘फॉलीज’ या संगीत नाटकासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. अ‍ॅनेट बेनिंग सॅन डिएगो मेसा कॉलेजात शिकल्या आणि मग सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. बिली क्रिस्टल न्यूयॉर्कजवळच्या नासो कम्युनिटी कॉलेजातले.

रॉबिन विल्यम्स यांची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. क्लेअरमाँटच्या खाजगी कॉलेजातलं शिक्षण अर्ध्यावर सोडून ते घराजवळच्या कॉलेज ऑफ मरीनमध्ये दाखल झाले आणि तीन वर्षं नाटक शिकले. तिथले नाट्यशिक्षक जेम्स डन यांनी ‘ऑलिव्हर!’ या संगीत नाटकात त्यांना फेगिनची भूमिका दिली. विल्यम्स तालमीत संहिता सोडून काहीही बोलत सुटायचे आणि सहकलाकार हसून बेजार व्हायचे. उशिरापर्यंत चाललेल्या अशाच एका तालमीनंतर डन यांनी पत्नीला फोन करून सांगितलं, की हा मुलगा पुढे काहीतरी विशेष होणार. १९७३ मध्ये विल्यम्सना ज्युलिअर्डची शिष्यवृत्ती मिळाली. तिथल्या प्रगत वर्गासाठी जॉन हाउसमन यांनी त्या वर्षी दोघांनाच निवडलं होतं: एक विल्यम्स आणि दुसरे क्रिस्टोफर रीव्ह. ज्या शाळेच्या दारात चाळणी आहे तिथवर विल्यम्स पोहोचले ते चाळणी नसलेल्या कॉलेजातून. तिथे त्यांना तीन वर्षं चुका करायला, अघळपघळ वागायला आणि हळूहळू घडायला जागा मिळाली होती.

काही कॉलेजांनी याहून वेगळा मार्ग काढला. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर सांता मरिया नावाचं शेतीवाडीचं शहर आहे. तिथल्या अ‍ॅलन हॅनकॉक कॉलेजात डोनोव्हन मार्ली यांनी १९६४ मध्ये एक नाट्यसंस्था सुरू केली. पीसीपीए या नावाने ती ओळखली जाते. तिथे व्यावसायिक नट आणि तंत्रज्ञ कायम कामाला असतात आणि विद्यार्थी त्यांच्याच नाटकांत, त्यांच्याच बरोबरीने काम करतात. इथे प्रवेश घ्यायचा तर ऑडिशन किंवा मुलाखत द्यावी लागते. अभिनयाचं शिक्षण दोन वर्षांचं, पूर्ण वेळ. उन्हाळ्यात संस्थेचे प्रयोग जवळच्या सॉल्व्हँग गावातल्या खुल्या नाट्यगृहातही होतात. डेन्मार्कहून आलेल्या लोकांनी वसवलेल्या या गावाने १९७४ मध्ये ते उभारलं. विद्यार्थ्याला इथे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकापुढे, रात्रीच्या गार वाऱ्यात, पगारी नटाच्या समोर उभं राहून संवाद म्हणावे लागतात.

विद्यापीठांच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे पाहायची संधीही या विद्यार्थ्यांना मिळत आली आहे. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरने १९६९ मध्ये महाविद्यालयीन नाट्यमहोत्सव सुरू केला. त्यात दोन वर्षांची कॉलेजं आणि मोठी विद्यापीठं एकाच व्यासपीठावर येऊ लागली. आयरीन रायन या अभिनेत्रीच्या नावाची अभिनय शिष्यवृत्ती या महोत्सवातली सर्वांत मानाची ठरली. टीव्हीवरच्या ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ मालिकेतल्या आजीच्या भूमिकेमुळे आयरीन घराघरांत पोहोचल्या होत्या. तरुण नटांसाठी त्यांनी आपला पैसा मागे ठेवला.

या शिक्षणाच्या वाटेत अडचणीही खऱ्या आहेत. बहुतेक विद्यार्थी नोकरी करतात. तालमीची वेळ आणि दुकानातली पाळी यांचा मेळ घालता घालता सत्र संपतं, आणि दोन वर्षांची पदवी तीन-चार वर्षांवर जाते. शिक्षकांतले बहुसंख्य अर्धवेळ असतात. एकाच दिवशी दोन-तीन कॉलेजांत शिकवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या शिक्षकांना ‘फ्रीवे फ्लायर्स’ असंच नाव पडलं आहे. तास संपल्यावर थांबून एखाद्या मुलाचं स्वगत ऐकायला त्यांच्याकडे वेळ असत नाही, आणि त्या वेळेचे पैसेही मिळतीलच असं नाही. २००८ च्या मंदीनंतर राज्याच्या तिजोरीवर ताण आला तेव्हा कॅलिफोर्नियाने एकच वर्ग पुन्हा पुन्हा घेण्यावर मर्यादा आणली. पुनरावृत्ती हाच ज्या कलेचा श्वास आहे तिला हा नियम जाचक ठरला. वर्षानुवर्षं कॉलेजाच्या नाटकांत काम करणारे गावातले हौशी कलाकार त्यामुळे बाहेर पडू लागले. विभागांनी मग अभिनय एक, दोन, तीन अशा पायऱ्या आखून वाट काढली. नियम करणाऱ्यांनी तालमीला वेळेचा अपव्यय समजू नये, अशी मागणी नाट्यशिक्षकांनी केली तर ती अगदी रास्त आहे.

शिकून बाहेर पडणाऱ्यांतले थोडेच नट होतात. पण नाट्यगृहात, चित्रीकरणात, मोठ्या संमेलनांत आणि संगीताच्या कार्यक्रमांत दिवे, ध्वनी आणि नेपथ्य सांभाळणाऱ्यांची गरज सतत असते. या कामगारांची संघटना १८९३ पासून उभी आहे आणि तिच्या सभासदांना ठरलेलं वेतन मिळतं. कार्यशाळेत फ्लॅट आणि पाळण्याची वजनं हाताळलेला विद्यार्थी या कामात लवकर रुळतो. काहीजण शाळेत नाटक शिकवतात. आणि सर्वांत मोठा गट असतो तो ‘रंगभूमीची ओळख’ हा एकच वर्ग घेणाऱ्यांचा. पदवीसाठी कलेचा एखादा विषय लागतो म्हणून नर्सिंगचे, संगणकाचे, हिशेब लेखनाचे विद्यार्थी इथे नाव घालतात. सत्रात नाटक पाहायचं आणि त्यावर लिहायचं, अशी अट बहुतेक शिक्षक घालतात. अनेकांचं ते आयुष्यातलं पहिलं नाटक असतं. एखाद्या विद्यार्थ्याला पुढच्या सत्रात कार्यशाळेत यावंसं वाटलं, तर त्याने फक्त यादीत नाव घालायचं आणि पायांत बंद बूट घालून यायचं.